'गांधी'आधीचे बेन किंग्जली

गांधींसारखा दिसणारा कुणी अनोळखी गोरा माणूस दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरोंना 'गांधी' चित्रपटासाठी सापडला आणि चेहऱ्याच्या जोरावर तो ऑस्कर घेऊन गेला, अशी बेन किंग्जलींबद्दलची समजूत आपल्याकडे आजही ऐकू येते. एका थोर नटावर तो अन्याय आहे.

यॉर्कशरमधल्या स्नेंटन गावी 31 डिसेंबर 1943 रोजी जन्मलेल्या या मुलाचं नाव होतं कृष्ण पंडित भानजी. वडील गुजराती वंशाचे डॉक्टर, आई इंग्रज. मग नाव का बदललं? आपलं मूळ लपवायला, असं काहीजण म्हणतात. खुद्द किंग्जलींनी सांगितलेलं कारण पोटापाण्याचं आहे. भानजी म्हणून ऑडिशन दिली तेव्हा काम आवडलं, पण या नटाला बसवायचं कुठे ते कळेना. नाव बदलताच कामं मिळू लागली. लाज वाटायला हवी ती नाट्यव्यवसायाला, त्या तरुणाला नव्हे.

'अनोळखी' हा शब्द तर मुळीच टिकत नाही. 1967 पासून ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत होते. 1975 मध्ये बझ गुडबॉडी या तरुण दिग्दर्शिकेने स्ट्रॅटफर्डच्या 'द अदर प्लेस' या पत्र्याच्या छोट्या नाट्यगृहात 'हॅम्लेट' बसवलं, त्यात हॅम्लेट किंग्जलींचा होता. प्रेक्षक हाताच्या अंतरावर. तिथे खोटा श्वाससुद्धा पकडला जातो. 1980 मध्ये डिकन्सच्या 'निकोलस निकलबी'च्या नाट्यरूपात ते पोरांना झोडपणारा क्रूर शाळामास्तर स्क्विअर्स करत होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात 'गांधी'चं चित्रीकरण सुरू झालं!

राहिलं दिसण्यातलं साम्य. ते होतंच. पण दक्षिण आफ्रिकेतला सुटाबुटातला तरुण बॅरिस्टर आणि 1948 मधला वृद्ध महात्मा, हे दोघे एकाच चेहऱ्याने उभे राहत नाहीत. त्यासाठी किंग्जलींनी वजन उतरवलं, ते चरखा शिकले. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी जॉन मोलो यांच्यासह केलेल्या वेशभूषेचा यात मोठा वाटा होता. त्या दोघांनाही ऑस्कर मिळालं. गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते, कस्तुरबांच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. रंगभूमीवर तयार झालेल्या अशा नटांसमोर नुसता चेहरा घेऊन उभं राहता आलं नसतं.

पुढे ते संतपणातच अडकले, हेही खरं नाही. 1985 मध्ये त्यांनी रंगमंचावर ऑथेल्लो केला, 1993 मध्ये 'शिंडलर्स लिस्ट'मधला अबोल हिशेबनीस इझाक स्टर्न. 'सेक्सी बीस्ट'मधला त्यांचा डॉन लोगन मात्र जरूर पाहावा. निवृत्त गुन्हेगाराच्या घरी येऊन हा माणूस नकार ऐकायलाच तयार होत नाही. तोंडाला येईल ते बोलतो, मध्येच गप्प होतो, आणि त्या गप्प होण्याची घरातल्यांना जास्त धास्ती वाटते. या भूमिकेसाठीही त्यांना ऑस्करचं नामांकन होतं.