बाळ झोळीत, आई कामावर



मागच्या अंकात द्राक्षबागेत जाणाऱ्या टोळ्यांचा ओझरता उल्लेख आला होता. तो वाचून नाशिकच्या एका मंडळीतल्या ताईंनी विचारले, “चार महिन्यांचे बाळ घेऊन ती बाई कामाला जातेच कशाला? वर्षभर घरी राहू द्या, मग आपण तिला पुन्हा काम मिळवून देऊ.” प्रश्न मायेपोटीच आला होता. पण त्यात एक समजूत दडलेली आहे: बाई आधी काम करते, मग थांबते, मग पुन्हा सुरू करते. सुरगाण्याच्या पाड्यावर तसे घडत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

इथली बाई काम कधी थांबवत नाही. नागली, वरई, भात, खुरासणी यांची लावणी-कापणी तिच्याच हातची. पाणी, सरपण, मोहाची फुले वेचणे हेही तिचेच. बाळंतपणानंतर थांबते ती मजुरी. म्हणजे हातात येणारा पैसा थांबतो, कष्ट थांबत नाहीत. त्यामुळे ‘कामावर परत’ याचा इथला अर्थ इतकाच, की तिच्या कष्टाला पुन्हा पैसा मिळू लागावा, आणि तो मिळवताना तिचे अंगावरचे मूल दगावू नये.

सुरगाण्यात पाऊस धो धो पडतो आणि उतारावरून तसाच वाहून जातो. भाताची कापणी-झोडणी आटोपली की शेतात काम उरत नाही. त्याच सुमाराला दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाचा हंगाम भरात असतो. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी होते, मग फेलफूट काढणे, विरळणी, डिपिंग, जानेवारीपासून काढणी, आणि एप्रिलला खरड छाटणी. मुकादम पाड्यावर येऊन उचल देतो. पंधरा-वीस माणसांची टोळी पिकअपमध्ये बसून वणीमार्गे जाते आणि मळ्यातल्या शेडमध्ये राहते. काम बहुधा एकरी उक्ते असते, त्यामुळे टोळीत हात जितके जास्त तितके पैसे लवकर. बाळंतीण मागे राहिली तर तिची उचल इतरांना फेडावी लागते, नाहीतर ती पुढच्या वर्षाच्या हिशोबात चढते. ताईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या उचलीत आहे.

उरलेले अर्धे उत्तर बागेत गेल्यावर कळते. डिपिंग म्हणजे द्राक्षाचा एकेक घड औषधाच्या पेल्यात बुडवणे. हात दिवसभर डोक्याच्या वर असतात आणि औषध कोपरापर्यंत ओघळते. बाळ बांधावर, साडीच्या झोळीत. ते रडले की आई धावत येते आणि त्याच हातांनी त्याला पदराखाली घेते. पाणी पलीकडच्या टोकाला, साबण शेडमध्ये. तिकडे जाऊन हात धुऊन यायचे तर ओळ मागे राहते आणि टोळीतल्या बाया काही बोलल्या नाहीत तरी त्यांच्या नजरा बोलतात. गावी अंगणवाडीत डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून तिला रोज एक वेळचे ताजे जेवण मिळत असते. २०१५ पासूनची ही योजना आदिवासी भागापुरती आहे. निफाडच्या बागेत उतरली की ते जेवण सुटते. बाळाचे वजन कोणी घेत नाही. लस चुकते. मार्चमध्ये टोळी परत येते तेव्हा काही बाळे नोव्हेंबरमध्ये होती तेवढीच असतात. वजनकाट्यावर असे बाळ ठेवताना आईच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

आता ‘वेगवेगळ्या चालीरीतींच्या बाया’ या विषयाकडे येतो. शहरातून पाहिले की सगळेच ‘आदिवासी’ दिसतात. आमच्या कामात कोकणा, वारली, महादेव कोळी आणि भिल्ल अशा चार समाजांतल्या बाया येतात. कोकणा बायांची बोली म्हणजे गोव्याची कोकणी नव्हे, हे मला दर वर्षी एकदा तरी कोणाला तरी सांगावे लागते. ती डांगीच्या जवळची. गुजरात सीमेलगतच्या पाड्यांवर बायांचे माहेर डांगात आणि बाजारही तिकडचाच, त्यामुळे गुजराती शब्द सहज येतात. वारली बोली पुन्हा निराळी. शाळेतली मराठी सगळ्यांना कळते, पण अडचण सांगायला ती उपयोगी पडत नाही. सरकारी कागदाच्या मराठीत कोणती बाई सांगेल, की मला अजून अंगावरून जाते आहे आणि वाकून काम होत नाही?

हे आम्ही चूक करूनच शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्याच संस्थेने सुरगाणा गावात बाळंतपणामुळे मजुरी सुटलेल्या बायांसाठी शिवणवर्ग काढला. दहा ते पाच. चौदा जणींनी नावे दिली, महिन्याभरात चार उरल्या. आम्ही अहवालात ‘चिकाटीचा अभाव’ असे लिहिले. ते वाक्य मीच लिहिले होते. नंतर घरोघर गेलो तेव्हा कारणे समजली. सकाळची गाडी चुकली की दुसरी नाही. बाळाला कोणाकडे ठेवायचे ते आम्ही विचारलेच नव्हते. वर्ग नेमका मार्गशीर्षात, म्हणजे डोंगऱ्या देवाच्या उत्सवाच्या दिवसांत ठेवला होता. घरचे पुरुष नवसाला बसलेले असताना सून तालुक्याला कशी जाणार? आणि एक कारण बायांनी फार संकोचत सांगितले. वर्गाची सुरुवात आम्ही प्रार्थनेने करत होतो. कोणावर सक्ती नव्हती, पण उठून बाहेर जाण्याची सोयही नव्हती. सासरी कुजबुज सुरू झाली, की शिलाई शिकवता शिकवता सून दुसरीकडे नेतील.

यावर आमच्यात बरीच चर्चा झाली, काही जुने देणगीदार नाराजही झाले. मला त्या वेळी पंडिता रमाबाईंची आठवण झाली. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, तरी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडताना हिंदू विधवांना आपले सोवळे आणि स्वयंपाक पाळता येईल अशी व्यवस्था त्यांनी केली. पुढे मुलींच्या धर्मांतरावरून वाद पेटला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, हेही खरे. पण सुरुवात कशी करावी हे त्यांना कळले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी केडगावला मुली आणल्या. मुलखाच्या, भाषेच्या, जातीच्या सगळ्या निरनिराळ्या. त्यांच्यासाठी एकच धंदा काढला नाही. विणकाम, शिवण, तेलघाणा, शेती, छापखाना असे किती तरी उद्योग तिथे चालत, आणि जिला जे जमेल ते काम तिला मिळे. आम्ही चौदा जणींपुढे चौदा शिलाई यंत्रे मांडली होती, त्यांतल्या किती जणींना शिवायचे होते हे न विचारता.

आता आमच्या वर्गात प्रार्थना आम्ही कार्यकर्ते आधी आमच्यात करतो, वर्ग नंतर भरतो. ज्यांना हे खटकते त्यांच्या भावना मी समजू शकतो. पण मुद्दा बाईच्या मजुरीचा असेल तर तिच्या घरातला विश्वास आधी लागतो.

तर प्रत्यक्षात काय करतो? पहिली भेट बाईची नसते, सासूची असते. बाई कामावर परत जाईल की नाही हे बहुतेक घरांत नवरा ठरवत नाही, बाळ कोण सांभाळणार यावर ते ठरते. या समाजांत लग्नात देज मुलाकडून मुलीकडे जाते. बाईच्या हाताला किंमत आहे हे इथे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. प्रश्न एवढाच, की तिचे हात बागेत गेले तर घरचे हात कोणाचे? दोन हंगामांपूर्वी एका पाड्यावर आम्ही मुकादमालाच सोबत घेऊन बसलो. त्या टोळीत पाच अंगावरची मुले होती. ठरले असे, की एका सासूने टोळीबरोबर यायचे, बागेत काम न करता फक्त मुले बघायची आणि तिची मजुरी सगळ्यांनी मिळून द्यायची. मुकादम आधी हसला. मग त्याने हिशोब केला: पाच आया दिवसातून पाच-सहा वेळा ओळ सोडून धावतात, तो वेळ वाचला तर एकर लवकर उरकतो. तो तयार झाला तो या हिशोबामुळे, आमच्या बोलण्यामुळे नव्हे.

ही कल्पना आमची नाही. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकाम मजूर बायांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच पाळणाघर सुरू केले, त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. छत्तीसगडमध्ये ‘फुलवारी’ म्हणून गावपाळणाघरे निघाली, तिथे आयाच पाळीपाळीने मुले सांभाळतात. आणि कायद्यातही ही सोय केली गेली: २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून तिला मजुरी द्यायला सांगितले. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू करून १९७७ मध्ये तिचा कायदा करणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात अशी बाई कामावर बसलेली मी क्वचितच पाहिली. मागितले नाही तर मिळत नाही. म्हणून गावातच काम हवे असणाऱ्या बायांना आम्ही कामाची मागणी लेखी द्यायला आणि तारखेची पोच घ्यायला शिकवतो. पोच असेल तर पंधरा दिवसांची मुदत मोजता येते.

कागदांचे काम रटाळ आहे, पण टाळता येत नाही. आधारवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, आणि पहिल्या बाळंतपणाचे मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मधेच अडकलेले, असे अनेकींचे होते. शिधापत्रिकेवरचे धान्य आता दुसऱ्या गावीही घेता येते, हे टोळ्यांना सांगावे लागते. विधवा बाईचे वनहक्काच्या दाव्यात नाव आहे का, हेही बघतो. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असायला हवा. ते नाव असेल तर तिला मजुरीशिवाय दुसरा आधार राहतो. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला मात्र आम्ही टोळीत जाण्यापासून परावृत्त करतो. तहान, थंडी आणि अतिश्रम यांनी तिच्या वेदना उसळतात. काही जणी सापुताऱ्याच्या रस्त्याला स्ट्रॉबेरी विकतात, काही नागलीचे पापड करतात. कमाई बागेपेक्षा कमी आहे, हे लपवत नाही.

त्या पाच बाळांचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. हंगामाअखेर चौघांचे वजन वाढले होते. पाचव्याचे नाही. त्याला आधीच दूध पुरत नव्हते, जुलाब झाले आणि आई दवाखान्यात पोचेपर्यंत तीन दिवस गेले, कारण शेडपासून दवाखाना कोणत्या बाजूला हे तिला ठाऊक नव्हते आणि मळेवाल्याला विचारायची भीड वाटली. बाळ वाचले, पण अजून अशक्त आहे. तेव्हापासून टोळी निघण्याआधी आम्ही प्रत्येक मळ्याजवळच्या आरोग्य उपकेंद्राची जागा आधी जाऊन बघतो आणि टोळीतल्या एका बाईला प्रत्यक्ष दाखवून आणतो.

रूथ मवाबातून परक्या मुलखात आली आणि कापणी करणाऱ्यांच्या मागे वेचायला लागली. बवाजाने तिला धान्य मिळू दिले हे आपण नेहमी ऐकतो. त्याच अध्यायात त्याने गड्यांना तिच्या वाटेला न जाण्याची ताकीद दिली आणि तहान लागली तर भरून ठेवलेले पाणी पिण्याची तिला मोकळीक दिली, हे मात्र घाईत निसटते. हल्ली मळेवाल्यांशी बोलताना मी पाण्यापासूनच सुरुवात करतो. बाळाच्या झोळीजवळ एक भरलेला हंडा आणि एक साबणवडी. आजवर त्याला कोणी नाही म्हटलेले नाही.

येत्या गोडी छाटणीला तीन पाड्यांवरून चार टोळ्या निघतील आणि अंगावरची मुले अकरा असतील असा अंदाज आहे. मुले सांभाळायला तीन सासवा तयार आहेत, चौथ्या टोळीसाठी अजून कोणी मिळालेले नाही. झोळीसाठी जुन्या, मऊ सुती साड्या हव्यात (नायलॉन नको, गाठ सुटते), साबण आणि एक लटकता वजनकाटा हवा. साड्या धुऊन, काठ न कापता पाठवाव्यात. नवरात्रापूर्वी आल्या तर टोळ्यांबरोबर देता येतील.