एका गोळीची राखण

एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्या माणसांच्या सेवेस हात पुष्कळ असतात. परंतु कांहीं कामें अशीं आहेत कीं, तीं सर्वांवर सोपविलीं म्हणजे कोणावरच राहत नाहींत. रक्त पातळ करणाऱ्या गोळीची राखण हें त्यांपैकीं एक होय.

'पातळ करणारें' हें नांव फसवें आहे. या औषधानें रक्त पाण्यासारखें होत नाहीं. त्याची गोठण्याची क्रिया मात्र मंदावते. याचा शोध गुरांच्या गोठ्यांतून लागला. १९२० नंतरच्या दशकांत उत्तर अमेरिकेंत बुरसलेला चारा खाल्लेलीं गुरें रक्तस्रावानें मरूं लागलीं. त्या चाऱ्यांतील द्रव्य विस्कॉन्सिन येथें कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेंत वेगळें करण्यांत आलें. त्याच जातीचें वॉर्फरिन १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं विक्रीस आलें आणि १९५४ सालीं माणसांकरितां मान्य झालें. हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्यास, किंवा कृत्रिम झडप बसविली असल्यास, रक्ताची गुठळी मेंदूकडे जाऊन पक्षाघात होण्याचें भय असतें. तें या औषधानें पुष्कळ कमी होतें. तारक आणि मारक यांतील अंतर केवळ मात्रेचें!

तें अंतर 'आय. एन. आर.' या रक्ततपासणीनें कळतें. बहुतेक रोग्यांत हा आंकडा २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवितात. वर्धा जिल्ह्यांत गांधीजींच्या हयातींत निघालेलें सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय आहे. १९६९ सालीं डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानें तेथें वैद्यकीय महाविद्यालयहि स्थापन झालें. परंतु आर्वी-हिंगणघाटकडील खेड्यांतून वृद्ध माणसास तेथें नेणें म्हणजे सबंध दिवस मोडतो. मग 'प्रकृति ठीक आहे, पुढच्या महिन्यांत पाहूं' असें होतें. आणि घात येथेंच होतो, कारण आंकडा वाढल्याचें रोग्यास जाणवत नाहीं.

इकडे घरांत सर्वांची माया चालूच असते. सूनबाई आठवडाभर रोज पालक किंवा मेथी वाढते. त्यांतील 'के' जीवनसत्त्वानें औषधाचा जोर ओसरतो. पुढें उपवासांत जेवण तुटतें, कीं जोर वाढतो. मुलगा गुडघेदुखीवर गोळी आणून देतो, कोणी काढा पाजतो. हेतु प्रत्येकाचा चांगला. परंतु वेदनाशामक गोळीनें पोटांत रक्तस्राव होऊं शकतो, आणि कित्येक जंतुनाशक औषधांनीं आंकडा एकदम चढतो.

म्हणून घरांतील एकाच व्यक्तीनें हें काम पत्करावें व एक वही ठेवावी. गोळीची वेळ, मात्रा व तपासणीचा आंकडा तींत लिहावा आणि कोणत्याहि डॉक्टरांकडे, दांताच्यासुद्धां, जातांना ती दाखवावी. पालेभाजी सोडूं नये. प्रमाण सारखें ठेवावें. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशीं दुप्पट देऊं नये. हिरड्यांतून रक्त, काळा शौच किंवा लाल लघवी दिसल्यास, अथवा डोक्यावर पडल्यास, वरून जखम नसली तरी, तत्काळ रुग्णालय गाठावें.

अपिक्साबॅनसारख्या नव्या औषधांना ही तपासणी लागत नाहीं; पण मूत्रपिंडाची लागते, आणि गोळी चुकल्यास संरक्षण लवकर सरतें. शिवाय सर्वच झडपांना तीं चालत नाहींत.

भीतीनें औषध आपल्याच मनानें बंद करणें हाहि तितकाच मोठा धोका आहे. वडिलांनीं आयुष्यभर घराचा जमाखर्च चोख ठेविला. त्यांच्या उतारवयांत ही एक वही आपण चोख ठेवावी, एवढेंच मागणें.