छायाचित्रातील ‘धार’

छायाचित्र ‘शार्प करणे’ हा प्रयोग फसवा आहे. अंधुक राहिलेला तपशील त्याने परत येतो, असा समज होतो. वस्तुतः डार्करूममधून संगणकात आलेल्या ‘अनशार्प मास्क’ या प्रक्रियेत मूळ चित्रातून त्याचीच पुसट प्रत वजा करतात व उरलेला फरक मुळात मिळवितात. (नाव ‘अनशार्प’, कार्य मात्र उलट!) त्यामुळे कडेची गडद बाजू अधिक गडद व उजळ बाजू अधिक उजळ होते, नवा तपशील येत नाही. मात्रा वाढली की केसांभोवती पांढरी किनार उमटते. स्टुडिओ बेव्हर्ली पार्कातील असो वा गिरगावातील, विवाहासाठी छायाचित्र काढविणाऱ्याने डोळे, भुवया व केस यांपुरतीच धार मागावी. गाल तसेच सोडावेत. मुरूम पुसण्यास हरकत नाही, तो चार दिवसांचा. तीळ ही मात्र ओळखीची खूण होय. पारपत्राच्या छायाचित्रात तर असे फेरफार वर्ज्यच आहेत.