चोरी गावाबाहेर झाली असणार!

नगरहून (आता अहिल्यानगर, पण जीभ अजून वळत नाही) शनी शिंगणापूरला तुम्ही कधीतरी गेला असाल. घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. फार तर कुत्रं आत शिरू नये म्हणून एखादी फळी टेकवलेली. शनिदेवाच्या गावात चोरी होत नाही ही श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेने इथे ‘बिनकुलपाची’ शाखा काढली, त्याची बातमी देशभर गाजली.

त्याच सुमारास, २०१० आणि २०११ मध्ये, इथे चोरीच्या तक्रारी झाल्या. एका भाविकाच्या गाडीतून सुमारे ३५ हजारांचा ऐवज गेला. यावर एक उत्तर आलं ते असं, की चोरी गावाच्या हद्दीबाहेर झाली असणार.

हसू नका, कारण या उत्तराची रचना बघण्यासारखी आहे. ‘गावात चोरी होत नाही’ आणि ‘झाली तर ती बाहेरचीच’ ही दोन विधानं एकत्र धरली, की जगातली कुठलीही चोरी पहिल्या विधानाला धक्का लावू शकत नाही. शिवाय त्या श्रद्धेवर गावाची ओळख उभी आहे, भाविक येतात, दुकानं चालतात. ती सोडायची तर किंमत मोजावी लागते, पुरावा नाकारायला काहीच लागत नाही.

आता माझं सांगतो. माझा विषय मातीतलं स्फुरद विरघळवणारे जिवाणू. दुसऱ्या वर्षी नऊ कुंड्यांपैकी सातमध्ये हवा तसा निकाल आला, दोनमध्ये उलटा. त्या दोन आकड्यांसमोर मी वहीत ‘कंटॅमिनेशन’ लिहिलं आणि मोकळा झालो. दोनच दिवसांनी लॅबमधल्या ज्युनिअरने विचारलं, “दादा, बाकीच्या सातमध्ये कंटॅमिनेशन नव्हतं हे कशावरून?”

कशावरूनच नाही! ते सात आकडे मला आवडले होते, म्हणून मी ते तपासलेच नव्हते.

यावर १९७९ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. लॉर्ड, रॉस आणि लेपर यांनी स्टॅनफर्डमध्ये ४८ विद्यार्थी घेतले, निम्मे फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. सगळ्यांना तेच दोन अभ्यास वाचायला दिले, एक फाशीमुळे गुन्हे कमी होतात असं सांगणारा, दुसरा उलट सांगणारा. (दोन्ही रचलेले होते.) आपल्या मताच्या विरोधातल्या अभ्यासात दोन्ही गटांना पद्धतीच्या चुका सापडल्या, बाजूच्या अभ्यासात फारशा नाहीत. शेवटी दोन्ही गट आपापल्या मतावर आधीपेक्षा जास्त ठाम झाल्याचं सांगत होते. म्हणजे ही मंडळी पुरावा न वाचता फेकत नव्हती. उलट विरोधी पुरावा ती जास्त बारकाईने वाचत होती, आणि घोळ तिथेच आहे.

मग न जुळणारा आकडा आला की सिद्धांत लगेच सोडायचा का? तसंही नाही. युरेनस गणिताप्रमाणे फिरेना, तेव्हा लव्हेरिएने न्यूटनला सोडलं नाही, एक न दिसलेला ग्रह मानला. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. पुढे बुध चुकतो म्हणून त्याने तीच युक्ती केली, ‘व्हल्कन’ मानला. तो कधीच सापडला नाही, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइनने तो कोडं वेगळ्याच मार्गाने सोडवलं. दोन्ही वेळा सबबच होती, पण दुर्बीण कुठे लावायची ते ती सबब सांगत होती. माझ्या ‘कंटॅमिनेशन’ने असं काहीच सांगितलं नव्हतं.

मी नऊच्या नऊ कुंड्या परत तपासल्या. कंटॅमिनेशन कुठेच नव्हतं. त्या दोन कुंड्यांतली माती दुसऱ्या गावची, चुनखडीची होती. जिवाणू आम्ल सोडत होते आणि चुना ते मारून टाकत होता. आपल्या जिल्ह्यात चुनखडीच्या जमिनी काही कमी नाहीत, म्हणजे तसाच निष्कर्ष छापला असता तर तो अनेक शेतकऱ्यांच्या कामाचा नव्हता. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, सहा महिने गेले, गाईडसमोर मान खाली घालून उभा राहिलो ते वेगळंच.

तेव्हापासून प्रयोग लावण्याआधीच वहीच्या डाव्या पानावर लिहून ठेवतो, कुठल्या कारणासाठी आकडा बाद करणार ते. तारीख घालून, पेनने. परवा त्याच ज्युनिअरने ते पान वाचलं आणि खाली आणखी एक कारण लिहून दिलं, जे मला सुचलं नव्हतं.