रोबोटला संत्रं दाखवा!

अंजनगाव सुर्जीच्या पोट्ट्यांनो, रोबोकॉन या रोबोट स्पर्धेसाठी रोबोटला लक्ष्य ओळखायला शिकवायचंय? वेबकॅम आणि एक संत्रं घ्या, पुरे. २००८ ची आशियाई रोबोकॉन पुण्यात झाली, तिचा खेळ तर आपल्या दहीहंडीवरूनच घेतलेला होता.

चित्रातल्या वस्तू शोधणारं ओपनसीव्ही हे सॉफ्टवेअर मोफत आहे. चित्र लाल-हिरव्या-निळ्यातून एचएसव्हीत बदला. त्यात रंगछटा आणि उजेड वेगळे होतात, म्हणून सावलीतही संत्रं सापडतं. ओपनसीव्हीच्या मापात त्याची छटा साधारण १० ते २० च्या दरम्यान येते. मात्र कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स आधी बंद करा! घरात जमवलेले आकडे आपल्या वऱ्हाडी उन्हात कोलमडतात ते बहुतेक यामुळेच.

आता खरी मजा. चित्र ६४० पिक्सेल रुंद आणि कॅमेऱ्याला दिसणारा आडवा कोन ६० अंश असेल, तर फोकल लांबी सुमारे ५५४ पिक्सेल. संत्र्याचा मध्य ४०० व्या पिक्सेलवर, म्हणजे चित्राच्या मध्यापासून ८० पिक्सेल उजवीकडे दिसला, तर रोबोटनं साधारण ८ अंश वळायचं. सात सेंटिमीटरचं संत्रं ५० पिक्सेल रुंद दिसलं, तर ५५४ गुणिले ७ भागिले ५०: अंतर सुमारे ७८ सेंटिमीटर. दहावीचं भूमितीचं पुस्तक इथं कामी येतं, हे मला फार आवडतं.

वळताना संत्रं मध्यापासून जेवढं दूर, त्या प्रमाणात मोटरचा वेग ठेवा. नाहीतर रोबोट डावीकडे-उजवीकडे डोलत राहतो. रंग दगा देत असेल तर एप्रिलटॅग या ओळखखुणेची काळी-पांढरी चौकट छापून लक्ष्यावर चिकटवा.

कोण करून पाहतंय? व्हिडिओ टाका!