पुराआधी गोठ्याची तयारी



बेळगाव जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांना पूर नवा नाही. 2005, 2019 आणि 2021 या तीन सालांचे पूर घरोघरी आठवणीत आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये तर कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा या साऱ्या नद्या एकाच सुमारास पात्राबाहेर आल्या होत्या.

पूर आला की माणसांना बोटीतून बाहेर काढता येते. म्हैस बोटीत बसत नाही. म्हणून जनावरांच्या बाबतीत पाणी दारात आल्यावर करण्यासारखे फारच थोडे उरते. शिवाय 'जनावरे टाकून कसे जाऊ?' म्हणून घरधनी मागे राहतो आणि त्याच्यासाठी सारे घर अडकते. तेव्हा गोठ्याची तयारी म्हणजे घराचीच तयारी होय. ती मे महिन्यात सुरू करावी.

पाणी कोठून येते?

आपल्या डोक्यावर ऊन आहे म्हणून नदी चढणार नाही, असे समजू नये. कृष्णेचे पाणी कोयना आणि सह्याद्रीच्या माथ्यावरून येते. दूधगंगेवर काळम्मावाडीचे, घटप्रभेवर हिडकलचे व मलप्रभेवर नविलुतीर्थाचे धरण आहे. घाटात पाऊस कोसळतो, धरणे भरतात, पाणी सोडावे लागते आणि मग खालच्या गावात नदी चढू लागते. धरण किती भरले, किती पाणी सोडले, हे वर्तमानपत्रांत व रेडिओवर सांगितले जाते. जुलै-ऑगस्टात ते रोज ऐकावे.

मात्र केवळ बातमीवर अवलंबून राहू नये. आपल्या वाटेवरची एक खूण ठरवावी: पुलाची पायरी, वडाचा पार किंवा विहिरीचा काठ. 'पाणी या खुणेला लागले की जनावरे हलवायची,' हे घरातल्या सर्वांनी पाऊस सुरू होण्याआधीच ठरवून ठेवावे. खूण अशी निवडावी की, तेथे पाणी पोहोचल्यावरही जनावरे नेण्याची वाट कोरडी राहील. संध्याकाळी पाणी खुणेच्या जवळ आले तर सकाळची वाट पाहू नये. उजेड आहे तोवरच जनावरे हलवावीत. अंधारात बिथरलेला बैल कोणालाच आवरत नाही.

खानापूरच्या जंगलपट्टीतील अडचण थोडी वेगळी आहे. तेथे नाल्यांवरील सखल पूल बुडतात आणि काही दिवस गावाबाहेर जाता येत नाही. डॉक्टर येऊ शकत नाही, पेंड मिळत नाही. तेथील शेतकऱ्यांनी स्थलांतरापेक्षा लस, वैरण व औषधे यांचा साठा करण्यावर अधिक भर द्यावा.

निरगाठ नको, सुरगाठ हवी

गाय, बैल व म्हैस यांना पोहता येते. म्हैस तर पाण्यातच रमणारी. तरीही पुरात गोठ्यातल्या गोठ्यात जनावरे मरतात, कारण ती खुंट्याला बांधलेली असतात. पाणी चढते, दावे मात्र तेवढेच राहते.

म्हणून पावसाळ्यात खुंट्याकडची गाठ सुरगाठ असावी. मोकळे टोक ओढताच ती सुटली पाहिजे. भिजलेल्या दोराची निरगाठ घाईत सुटत नाही. गळ्याकडे मात्र सुरगाठ कधीही बांधू नये, ती आवळत जाऊन जनावराला फास बसतो. गळ्यात न आवळणारी गाठ, खुंट्याला ओढताच सुटणारी गाठ, हा नियम लहान मुलांनाही शिकवावा.

आजकाल अनेक गोठ्यांत लोखंडी साखळ्या आहेत. साखळी विळ्याने कापता येत नाही. अशा वेळी साखळी व खुंटा यांच्यामध्ये हातभर दोर बांधावा, म्हणजे प्रसंगी तो कापता येईल. एक धारदार विळा गोठ्याच्या दाराशी उंचावर अडकवून ठेवावा व दुसऱ्या कामासाठी तेथून हलवू नये.

कोठे न्यायचे, कोणी न्यायचे?

उंचावरची जागा आधी पाहून ठेवावी: माळ, शाळेचे पटांगण, चर्चचे आवार, नातेवाइकाचे शेत. ज्यांची जागा आहे त्यांची परवानगी अगोदर घ्यावी. वाटेत ओढा किंवा सखल पूल नसावा. तेथे पाण्याची सोय आहे का, हेही पाहावे. पावसाळ्यापूर्वी एक-दोनदा जनावरे त्या वाटेने नेऊन आणावीत. ओळखीच्या वाटेवर जनावर अडत नाही.

कोणी काय करायचे तेही ठरवावे. शांत, वयस्क गाय किंवा म्हैस पुढे घ्यावी म्हणजे बाकीची मागे येतात. गाभण आणि आजारी जनावरांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून न्यायचे तर ट्रॉली कोणाची, हे शेजाऱ्यांशी बोलून ठेवावे. वासरू किंवा रेडकू आईपासून तोडू नये.

मे महिन्यातील लसी

पुरानंतर जी जनावरे दगावतात ती सर्वच बुडून मरत नाहीत. पावसाळी ओल, चिखल, उपासमार व प्रवासाचा शीण यांमुळे घटसर्प उद्भवतो. ताप, घशाला सूज, घरघर, आणि दिवसभरात जनावर जाते. कोवळ्या, धष्टपुष्ट जनावरांत फऱ्या होतो. पुठ्ठ्याला सूज येते व दाबले असता ती चरचर वाजते. या दोन्हींच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात. लस टोचल्यावर शक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून जुलैत पाणी चढल्यावर टोचून त्या पुरात उपयोग होत नाही.

लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांनी घ्यावी. पुरात गावोगावची जनावरे एका माळावर येतात आणि साथ पसरायला तेवढे पुरे होते. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषार आणि पीपीआर यांच्या लसी द्याव्यात.

वैरण आणि पाणी यांचा हिशेब

मोठ्या जनावराला तगून राहण्यापुरती तरी रोज पाच ते सहा किलो कोरडी वैरण लागते, पाणी सुमारे चाळीस लिटर. दुभत्या म्हशीला दोन्ही अधिक. तीन जनावरांसाठी सात दिवसांचा हिशेब केला तर सव्वाशे किलो वैरण होते. एवढा कडबा किंवा पिंजर वेगळी काढून उंच जागी, ताडपत्रीखाली, जमिनीपासून वर रचून ठेवावी. सारी गंजी नदीकाठच्या मळ्यात ठेवली तर म्हैस वाचते, पण वैरण वाहून जाते.

युरियाची पोती आणि कीटकनाशके गोठ्यात मुळीच ठेवू नयेत. पाणी शिरले की युरिया विरघळतो आणि तहानलेले जनावर ते पाणी पिऊन काही वेळातच तडफडून मरते.

एका डब्यात या वस्तू भराव्यात: जखमेसाठी आयोडीन, खुरे धुण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट, अळ्यांसाठी टर्पेंटाईन, स्वच्छ कापड, चांगला दोर, विजेरी. आजारी जनावराच्या घशात नळीने किंवा बाटलीने बळजबरीने काही ओतू नये. ते फुफ्फुसात उतरते. डॉक्टरांना विचारावे. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा क्रमांक आहे. तो डब्यावर लिहून ठेवावा.

शेळ्या, कोंबड्या, डुकरे आणि कुत्रा

शेळी थंडी-पावसाने लवकर आजारी पडते. तिला छप्पर हवेच. कोंबड्यांना डालग्यात घालून रात्रीच उचलावे, तेव्हा त्या गडबड करीत नाहीत. डालगी आधी दुरुस्त करून ठेवावीत.

ज्यांच्या घरी डुकरे आहेत त्यांनी ती दुसऱ्यांच्या डुकरांत मिसळू देऊ नयेत आणि त्यांना छावणीतले खरकटे घालू नये. आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग 2020 साली भारतात शिरला. त्याच्यावर औषध नाही. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचा कळप संपवतो.

कुत्र्याला साखळीने बांधून ठेवून कधीही जाऊ नये. भ्यालेले कुत्रे घरच्या माणसालाही चावते, म्हणून त्याला दरवर्षी रेबीजची लस द्यावी.

सोडून जावेच लागले तर

सारे करूनही कधी वेळ मिळत नाही. अशा वेळी दावे सोडावे किंवा कापावे, गोठ्याचे दार उघडून अडकवून ठेवावे आणि आपण निघावे. वेसणीचा लोंबता कासरा काढून टाकावा, नाहीतर तो झाडाझुडपांत गुंततो. मोकळे जनावर उंचवटा शोधते.

आपण मात्र वाहत्या पाण्यात उतरू नये. गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसालाही पाडते. म्हैस गेली तर नुकसान मोठे आहे, पण मुलांचा बाप गेला तर ते कशानेही भरून येत नाही.

पाणी ओसरल्यावर

गोठ्यात शिरताना काठी आपटत जावे. पुरात साप-विंचू कोरड्या जागी आसरा घेतात. उपाशी जनावरापुढे एकदम पेंड किंवा धान्य ठेवू नये, पोट फुगते. आधी स्वच्छ पाणी व थोडी सुकी वैरण द्यावी, आणि दोन-तीन दिवसांत वाढवत न्यावी. भिजून बुरशी लागलेला कडबा खाऊ घालू नये. खुरे धुऊन पाहावीत. दुभत्या जनावराची कास तुंबली असेल तर दूध काढून टाकावे, नाहीतर दगडी होते.

मेलेले जनावर नदीत लोटू नये. विहिरीपासून दूर खोल खड्डा खणून चुना टाकून पुरावे. नाकातोंडातून काळे, न गोठणारे रक्त आले असेल तर ते काळपुळीचे लक्षण असू शकते. असे जनावर कापू नये, त्याचे कातडेही काढू नये. तो रोग माणसालाही होतो. डॉक्टरांना कळवावे.

आपल्या आरोग्यासाठीही एक गोष्ट. पुराच्या पाण्यात उंदीर व जनावरे यांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायाच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिस होतो. गोठा साफ करताना गमबूट घालावेत. पुढील दोन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत वेदना आणि डोळे लाल, अशी लक्षणे दिसली तर अंगावर काढू नये. 'मी पुराच्या पाण्यात होतो,' असे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

भरपाईचे कागद

मेलेल्या जनावराबद्दल सरकारी मदत मिळते, पण पुरावा लागतो. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्र सरकारने ठरवलेले दर असे होते: दुभत्या गाई-म्हशीला 37,500 रुपये, बैलाला 32,000 रुपये, शेळी, मेंढी किंवा डुकराला 4,000 रुपये. मोठ्या दुभत्या जनावरांना घरटी तीनची मर्यादा होती. चांगल्या म्हशीची बाजारातली किंमत याहून बरीच अधिक असते, म्हणून जमेल त्यांनी विमाही उतरवावा.

प्रत्येक जनावराच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक वहीत लिहावा व बिल्ल्यासह फोटो काढून ठेवावा. जनावर दगावल्यास पुरण्यापूर्वी तलाठ्याकडून पंचनामा आणि पशुवैद्यांचा दाखला घ्यावा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, घरच्या कागदांबरोबरच ठेवावेत.

सारे एका दिवसात होणार नाही. या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात: गोठ्यातील गाठी बदला, वाटेवरची खूण ठरवा आणि जनावरांच्या दवाखान्यात लसीची चौकशी करा. शेजारी एकटी विधवा किंवा म्हातारे जोडपे असेल तर त्यांच्या गोठ्यातील दावी कोण सोडणार, तेही आजच ठरवा.