पाहुणी उंदरीण आणि पोटाखालची गाठ

रेडिओवर उंदरांविषयी बोलायचं म्हटल्यावर आमच्या घरीसुद्धा हसू झालं. ज्याला पकडायला आपण पिंजरा लावतो, त्याच्यासाठी कुणी पिंजरा सजवतं ही गंमतच आहे. पण माझ्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांच्या रांगेत मांडीवर बुटाचं खोकं घेऊन बसलेली मुलं आता अधूनमधून दिसतात, आणि त्या खोक्याला भोकं पाडलेली असतात. माळ्यावरचा काळा उंदीर किंवा गटारातली घूस वेगळी. पाळीव उंदीर हा तपकिरी उंदराचा माणसाळवलेला वंशज. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीरही त्याच घराण्यातला. आयुष्य जेमतेम दोन ते तीन वर्षांचं, पण माणसाला ओळखतो, हाक मारली की दाराशी येतो.

अशाच एका खोक्यातून बर्फी आणि जिलबी या दोन बहिणी माझ्याकडे आल्या. बर्फी सव्वा वर्षाची असताना तिच्या बगलेत सुपारीएवढी गाठ लागली. मी ती काढली. तपासणीत गाठ साधी निघाली, कर्करोगाची नव्हती. ‘आता काळजी नको,’ असं मी त्या घरच्या मुलीला सांगून टाकलं. हे सांगायला नको होतं. अडीच महिन्यांनी जांघेत दुसरी गाठ आली, तीही काढली. तिसरी आली तेव्हा बर्फी इतकी उतरली होती की शस्त्रक्रियेनंतरची रात्र तिनं काढली नाही. मी गाठींच्या मागे धावत राहिलो. त्या कुठून येतात याचा विचार करायला मी उशीर केला.

उंदराच्या मादीला बारा स्तनाग्रं असतात, आणि दूधग्रंथींचं जाळं मानेपासून थेट जांघेपर्यंत पसरलेलं असतं. त्यामुळे गाठ बगलेत, खांद्याजवळ, शेपटीच्या बुडाशी, कुठंही येऊ शकते. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण त्या थांबत नाहीत. लिंबाएवढ्या, क्वचित पेरूएवढ्या होतात. चालताना जमिनीला घासतात, त्यांना जखमा होतात. त्यांना खतपाणी मिळतं ते अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून येणाऱ्या प्रोलॅक्टिनमुळे. हे दोन्ही एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. पीयूष ग्रंथीलाही म्हातारपणी गाठ येते. मग उंदरीण पुढच्या पायांत दाणा धरू शकत नाही, एकाच बाजूला गोल फिरते. प्रयोगशाळांमधल्या अभ्यासांत असं आढळलं आहे की, वयाच्या तीनेक महिन्यांत अंडाशयं काढलेल्या माद्यांमध्ये या दोन्ही प्रकारच्या गाठी फारच कमी होतात.

मग सगळ्यांचीच शस्त्रक्रिया का करू नये? कारण अडीचशे ग्रॅमच्या उंदरिणीच्या अंगात रक्त असतं पंधरा-सोळा मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे. त्यातला एक चमचा गेला तरी जीव धोक्यात येतो. भुलीखाली अंग झपाट्यानं गार पडतं, म्हणून खाली ऊब लागते. भूल नाकावाटे, वायूनं दिलेली बरी. एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी: कुत्र्यासारखं उंदराला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं नसतं. उंदराला उलटी होतच नाही, आणि उपासानं मात्र तो ढासळतो. लहान प्राण्यांवर हात बसलेला डॉक्टर मिळाला तरच हे करावं, नाहीतर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इकडे जिलबी एकटी पडली. उंदीर कळपातला प्राणी. एकमेकांच्या अंगावर झोपणारा, एकमेकांचे केस चाटणारा. ती कोपऱ्यात बसून राहायची. नाकाडोळ्यांभोवती लालसर थर दिसायला लागला. लोक त्याला रक्त समजून घाबरतात, पण ते डोळ्यामागच्या ग्रंथीतलं रंगद्रव्य असतं. ताण पडला किंवा आजार असला की ते वाढतं. घरच्यांनी कळवळून दोन महिन्यांची एक पिल्लू-मादी आणली, शेव तिचं नाव, आणि तिला सरळ जिलबीच्या पिंजऱ्यात सोडली. पाचव्या मिनिटाला शेवचा कान फाटला.

यात जिलबीचा दोष नव्हता. तिच्या घरात परक्या वासाचं कुणी घुसलं होतं. खरं तर नव्या उंदराला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायला हवं, कारण फुप्फुसांचे आजार त्यांच्यात हवेतून पसरतात. तो धोका तर पत्करून झालाच होता. शेवचा कान बरा होईपर्यंत आम्ही पिंजरे वेगळे ठेवले आणि रोज एकीच्या अंथरुणातल्या चिंध्या दुसरीच्या पिंजऱ्यात टाकल्या. आधी वासाची ओळख, मग तोंडओळख. भेट ठरली ती न्हाणीघरात, फरशी पुसून घेऊन, कारण ती जागा दोघींपैकी कुणाचीच नव्हती. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, पुढं हळूहळू जास्त. मोठीनं धाकटीला उताणं पाडलं, धाकटी किंचाळली, तरी मधे पडायचं नाही. तो मानपान असतो. केस फुगवून, पाठीची कमान करून एक जण आडवी सरकत यायला लागली की मात्र सावध व्हायचं. त्या वेळी हात घालायचा नाही, जाड टॉवेल टाकायचा. उघड्या हाताला चावे बसलेले मी पाहिले आहेत. माझाही अंगठा त्यात आहे.

नवव्या दिवशी दोघी एका टोपीत झोपल्या. मग पिंजरा धुऊन, सामान नव्यानं मांडून त्यांना एकत्र ठेवलं.

शेव चार महिन्यांची झाल्यावर मी तिची अंडाशयं काढली. टाके कातडीच्या आत घेतले, कारण वरचे टाके उंदीर रात्रीतून कुरतडतो. पहिले काही दिवस ती शेजारच्या पिंजऱ्यात होती, जाळीला जाळी लावून, म्हणजे ओळख पुसू नये. जिलबी जाळीशीच झोपायची.

जिलबी गेल्या महिन्यात गेली, पावणेतीन वर्षांची होऊन. शेव आता सव्वा वर्षाची आहे. बर्फीला पहिली गाठ आली त्याच वयाची. ती मुलगी दर रविवारी तिला मांडीवर घेऊन मानेपासून जांघेपर्यंत बोटं फिरवते. अजून काही हाताला लागलेलं नाही. आता शेवला जोडीदारीण आणायची आहे, आणि या वेळी दुसरा पिंजरा आधीच दुसऱ्या खोलीत मांडून ठेवला आहे.